जीपच्या पोटातली चार तेलं

इंजिन ऑइल शेवटचं कधी बदललं, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असो की झेडपीच्या शाळेतले गुरुजी, किलोमीटरच्या आकड्यासकट सांगतील. मग त्यांनाच विचारा, "आणि हौसिंगचं?" पणजोबांची जन्मतारीख विचारल्यासारखं तुमच्याकडं बघत राहतील.

यात आळसाचा भाग कमी आहे. इंजिनाला डिपस्टिक असते. बॉनेट उघडलं, काडी ओढली, फडक्याला पुसली की तेल काळं पडलंय का, कमी झालंय का, ते समोर दिसतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचं-मागचं डिफरेन्शियल (यालाच आमच्याकडं हौसिंग म्हणतात) यांना मॅन्युअल गिअरच्या बहुतेक गाड्यांत अशी काडीच नसते. ही तेलं गाडीखाली चिखलाच्या थराआड बोल्ट मारून बंद असतात. म्हणून ती विसरली जातात आणि मग एक दिवस मागून 'हूंऽऽ' असा आवाज यायला लागतो.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात राहतो. शेताची वाट काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती माती टायरला मळलेल्या पिठासारखी चिकटते आणि साध्या गाडीचं चाक जागेवरच फिरत राहतं, म्हणून जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी, जीप घेतली. तिची ही चारही तेलं मी घरीच बदलतो. काम अवघड नाही. पण कुठल्या डब्यात काय आहे आणि ते तसंच का आहे, हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

इंजिनापासून निघू. इंजिनाची ताकद आधी गिअरबॉक्समध्ये येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत ती तिथून प्रोपेलर शाफ्टनं थेट मागच्या चाकांकडं जाते. फोर-बाय-फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक डबा असतो, तो ट्रान्सफर केस. गावात जिथं पाटाचं पाणी दोन शेतांकडं वाटलं जातं, तिथं बारं असतं ना, तेच काम हा करतो. एक वाट पुढं, एक मागं. पुढं गेलेली ताकद पुढच्या डिफरेन्शियलमध्ये पोचते, मागं गेलेली मागच्या. तिथं ती काटकोनात वळून डाव्या-उजव्या चाकाला मिळते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन डिफरेन्शियल मिळून डबे झाले चार. काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकाच तेलात असतात, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपुस्तकात, बघून घ्यायचं.

माझा चुलतभाऊ म्हणाला होता, "मी फोर-बाय-फोर टाकलंच न्हाई वर्षभर, मग ते तेल कामून बदलू?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर त्याच्या सोयीचं नाही. टू-व्हील ड्राइव्हवर चालवली तरी मागं जाणारी सगळी ताकद ट्रान्सफर केसमधूनच जाते. तो डबा रोज राबतो. राहिला पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधला, डिफरेन्शियल पोटात असलेला आस. तो कमी राबत असेल, पण पाण्यात सगळ्यात आधी तोच उतरतो. शिवाय बरेच दिवस न फिरलेल्या डब्यात वरचे दात आणि बेअरिंग कोरडे पडतात. म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फोर-बाय-फोर टाकून चालवावी. डांबरी कोरड्या रस्त्यावर मात्र नाही. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक सांभाळणारं काही नसतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि चाकाला घसरायला मोकळी माती नसेल तर सगळा पीळ गिअरांवर येतो.

आता चारही ठिकाणी एकच तेल का चालत नाही, ते बघू. हाच भाग मला सगळ्यात आवडतो.

गिअरबॉक्सच्या दातांचं काम बरंचसं लाटण्यासारखं आहे. लाटणं पोळीवरून लोळत जातं, घासणं कमी. डिफरेन्शियलमधला क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर (पिनियन) आणि तो फिरवतो ते मोठं दातेरी चाक (क्राऊन), हा मात्र वरवंटा. पाट्यावर वरवंटा नुसता फिरत नाही, दाबून पुढं-मागं ओढला जातो. क्राऊन-पिनियनमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, मुद्दाम खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९२६ साली ती आपल्या मोटारीत आणली. शाफ्ट खाली आल्यानं गाडीची बैठक खाली घेता आली, दातही मजबूत झाले. पण त्याची किंमत अशी, की दात एकमेकांवर लोळता लोळता आडवे घासतातही. तेवढ्या दाबाखाली साध्या तेलाचा पदर फाटतो आणि लोखंडाला लोखंड भिडतं.

म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची रसायनं घालतात. जिथं दात घासून तापतात, नेमक्या तिथंच ती लोखंडाशी संयोग पावतात आणि एक अतिपातळ थर तयार होतो. घासला जातो तो थर, दात वाचतो. थर झिजला की पुन्हा नवा. म्हणजे हे तेल स्वतःला खर्चून गाडी चालवतं, आणि खर्चून संपलं की बाहेरून कळत नाही. नव्या हौसिंग ऑइलला जो कुबट, नकोसा वास येतो, तो या गंधकाचाच. कपड्याला लागला तर चार धुण्यांत जात नाही, घरच्यांची परवानगी आधी घ्या.

डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असं लिहिलेलं असतं ते या रसायनांबद्दल आहे. पाचमध्ये ती चारच्या जवळपास दुप्पट असतात. मग सगळीकडं पाचच का भरू नये? दुकानदारही कधीकधी हेच सांगतो, "पाच घ्या, वरचं आहे." इथं फसू नका. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात, सिंक्रोनायझरच्या. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन पावलं गाडीबरोबर पळतो, वेग जुळला की दांडी धरतो. सिंक्रोची रिंग गिअरसाठी तेच करते. ती शेजारच्या गिअरला घासून त्याचा वेग जुळवते, मगच दात आत सरकतात. म्हणजे तिला घर्षण हवं असतं. फार निसरडं तेल भरलं की तिचा पाय घसरतो आणि गिअर टाकताना खर्र आवाज येतो. वर तापलेल्या तेलातलं जास्तीचं गंधक पितळाला हळूहळू खातं. म्हणून गिअरबॉक्सला कंपनीनं चार सांगितलं असेल तर चारच, आणि डिफरेन्शियलला पाच. चार-पाच दोन्ही चालेल असं एखाद्या डब्यावर लिहिलेलं असलं, तरी माझा विश्वास गाडीच्या मॅन्युअलवर जास्त आहे.

ट्रान्सफर केसचं तर आणखी वेगळं. काहींत गिअर असतात, त्यांना गिअर ऑइलच लागतं. काहींत आत जाड साखळी असते, आणि अशा कित्येक ट्रान्सफर केसना ऑटोमॅटिक गाडीत वापरतात ते पातळ लाल तेल, म्हणजे एटीएफ, सांगितलेलं असतं. तिथं ९० नंबर ओतलं तर काम बिघडलंच.

नंबरवरून आठवलं. आपल्याकडं दुकानात माणूस "नव्वद नंबर द्या" किंवा "एकशेचाळीस द्या" म्हणतो. डब्यावर असतं ७५ डब्ल्यू ९० किंवा ८० डब्ल्यू ९०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ७५ म्हणजे उणे ४० अंशांपर्यंत तेल वाहतं राहील, ८० म्हणजे उणे २६, ८५ म्हणजे उणे १२. मराठवाड्यात यातला कुठलाही आकडा आयुष्यात कामी येणार नाही. आपल्याला महत्त्वाचा मागचा आकडा, तापल्यावर तेल किती जाड राहील त्याचा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ च्या घरात जातो, म्हणून "ऊन लई आहे, एकशेचाळीस टाका" असा सल्ला मिळतो. कंपनीनं सांगितलं नसेल तर टाकू नका. जास्त जाड तेल ढवळायलाच ताकद लागते, ती ताकद उष्णता होऊन त्याच तेलात उतरते, आणि थंड गाडीत ते पिनियनच्या बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. आणखी एक गैरसमज: ९० म्हणजे इंजिनच्या ४० नंबरपेक्षा दुप्पट जाड, असं नाही. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल जाडीला इंजिनच्या ४०-५० नंबरच्या आसपासच असतं.

ट्रॅक्टरचं तेल घरात पडलंय म्हणून ते जीपमध्ये ओतायचा मोह होतो. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरांचं ट्रान्समिशन ऑइल हायड्रॉलिक, ब्रेक, गिअर सगळं सांभाळायला बनवलेलं असतं. हायपॉइडच्या वरवंट्याखाली ते टिकत नाही.

ऑटोमॅटिक गाडीबद्दल थोडक्यात. तिथं तेल नुसतं वंगण नसतं, तेच ताकद वाहून नेतं, तेच आतले क्लच दाबतं. लेव्हल ठराविक तापमानालाच तपासायची असते. बोल्ट उघडला तरी बरंचसं तेल इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडं नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, त्यामुळं निघालं किती आणि भरायचं किती याचा हिशेब चुकतो. माझं मत विचाराल तर हे काम घरी करू नये. ज्या नव्या गाड्या आपोआप चारही चाकांना ताकद देतात, त्यांतल्या कित्येकांत मागच्या एक्सलजवळ क्लचचा एक वेगळा कप्लिंग असतो आणि काहींत त्याचं तेलही वेगळं असतं. मॅन्युअल वाचल्याशिवाय तिथला कुठलाच बोल्ट हलवू नका.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गरज सपाट जागेची. या डब्यांची लेव्हल भरायच्या भोकावरून ठरते. भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलं की डबा भरला. गाडी तिरकी असेल तर तेल कमी किंवा जास्त बसणार. मी शेतातल्या सिमेंटच्या खळ्यावर गाडी लावतो. पहिल्या वेळी गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब आणून चारही चाकांची मधली जागा मोजली होती. शेजारी हसले, पण एका बाजूला दीड इंचाचा उतार निघाला. जीप मुळातच उंच असल्यानं जॅक लावायची गरज पडत नाही, पाठीवर सरकत आत जाता येतं. लावायचाच असेल तर चारही बाजूंना लोखंडी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटा-दगडांवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. वीट फुटताना सांगून फुटत नाही. चाकांना ओंडके, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये.

आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. कोमट तेल भराभर उतरतं आणि तळाचा गाळ घेऊन येतं. मग तारेच्या ब्रशनं आणि डिझेलच्या फडक्यानं बोल्टांच्या भोवतीची माती काढा. आपल्याकडची काळी माती वाळली की दगडासारखी होते, आणि बोल्ट सुटताना तिचा तुकडा भोकातच पडतो.

यापुढचं वाक्य मला भिंतीवर लिहायचं आहे: आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडा, मगच खालचा.

पहिल्या वर्षी मी उलटं केलं. रविवारी सकाळी मागच्या हौसिंगचा खालचा बोल्ट सोडला, तेल घमेल्यात उतरलं, मोठा आनंद झाला. मग वरचा बोल्ट लावला पान्याला, तर तो हलेना. आधी कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना लावून त्याच्या कडा गोल करून ठेवल्या होत्या. डब्यात तेल नाही, भरायची वाट बंद, गाडी जागची हलवता येत नाही. आमच्या आण्णांनी चहा पिता पिता विचारलं, "आता बैलं जुंपायची का?" शेवटी गावातल्या वेल्डरला बोलावलं. बॅटरीच्या वायरी काढल्या, त्यानं गोल झालेल्या बोल्टावर एक नट वेल्ड केला, आणि तापलेला बोल्ट पान्याच्या एका झटक्यात सुटला. नवा बोल्ट मिळेपर्यंत गाडी तीन दिवस खळ्यावर उभी होती. वरचा बोल्ट आधी सोडून बघितला असता तर तो सुटत नाही म्हणून गाडी तशीच मिस्त्रीकडं नेता आली असती.

काही जुन्या एक्सलना खालचा बोल्टच नसतो. तिथं वरच्या भोकातून पंपानं तेल ओढून घ्यावं लागतं, किंवा मागचं झाकण उघडावं लागतं.

तेल उतरताना घाई करू नका, त्याच्याकडं बघा. इतके दिवस बंद असलेला डबा पहिल्यांदा बोलतोय. खालच्या बोल्टाला बहुधा चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा, काजळासारखा मऊ लेप असेल तर काळजी नको, ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारा तुकडा लागला, पापुद्रा निघाला किंवा दाताचा कोपरा सापडला, तर नवं तेल भरून काही साधणार नाही, हौसिंग उघडावं लागेल. गिअरबॉक्सच्या तेलात उन्हात धरल्यावर सोनेरी कण चमकत असतील तर ते सिंक्रोचं पितळ, आणि चुंबकाला ते चिकटत नाही, म्हणून तेलातच शोधायचं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं.

पाण्याचा अनुभव मला २०२५ च्या सप्टेंबरात आला. त्या महिन्यात मांजरा, सिंदफणा, सीना या नद्यांना पूर आले, आमचा ओढाही पंधरा दिवस वाहत होता. पाणी गुडघ्याइतकं ओसरल्यावर मी रोज त्यातून जायचो. आठवड्यानं सहज मागचा बोल्ट उघडला तर आतून ताक. तेल अडवणारं रबरी सील चांगलं होतं, मग पाणी गेलं कुठून?

एक्सलच्या वर एक छोटा श्वास असतो, ब्रीदर. चालून चालून एक्सल तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो अचानक गार पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. गरम तांब्या पालथा घालून पाण्यात धरला तर तो पाणी ओढतो, तसंच. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी त्यातून येतं, आणि तो बुजलेला असेल तर सीलच्या कडेतून. उलट बाजूही आहे. बुजलेल्या ब्रीदरमुळं तापलेली हवा कोंडते आणि तेलाला सीलबाहेर ढकलते. मग आपण सील बदलत बसतो. माझा बुजवला होता कुंभारीण माशीनं. तिनं त्यात मातीचं इवलंसं घर बांधलं होतं. आता मी ब्रीदरला तेलाला टिकणारी रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटच्या उंचीवर नेलंय. खर्च किरकोळ.

त्यामुळं किती किलोमीटरला बदलायचं, याला माझं उत्तर दोन भागांत आहे. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ४० ते ८० हजारांच्या दरम्यान आकडा असतो, आणि ओझं, चिखल, ट्रेलर असेल तर त्याहून कमी. पण चाकाच्या मध्यापर्यंत पाणी लागलं असेल तर किलोमीटर विसरा आणि त्याच आठवड्यात वरचा बोल्ट सोडून बोट घालून बघा.

भरणं हे चिकाटीचं काम आहे. भोक आडवं असतं, बाटली तिथं उलटी करता येत नाही. हाताचा ऑइल पंप किंवा मोठी सिरिंज बरी. डबा तासभर उन्हात ठेवला तर तेल पातळ होऊन निम्मा त्रास वाचतो. शेतातला फवारणी पंप वापरायचा विचार मनातही आणू नका. तो एवढं जाड तेल ढकलणार नाही, आणि औषधाचा अंश आत जाईल. आधी खालचा बोल्ट नवा वॉशर घालून बसवा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही. अॅल्युमिनियमच्या डब्यात बोल्ट पान्याला पाइप घालून आवळू नका, आटे जातील. जमलं तर टॉर्क रेंच आणि मॅन्युअलमधला आकडा. मग भरत राहा, भोकाच्या काठावरून बारीक धार परत यायला लागली की थांबा, ती थेंबांवर येऊ द्या, वरचा बोल्ट लावा. बहुतेक जीपच्या एका डब्यात एक ते अडीच लिटर बसतं. निघालेलं तेल मापात मोजून ठेवलं की आधी किती कमी होतं तेही कळतं. खाली गेलाच आहात तर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसना ग्रीस गन मारून घ्या.

जुन्या तेलाचं काय? आजोबांच्या काळात बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं, आणि ते वंगण एरंडेलाचं होतं. मातीत सांडलं तरी मातीच व्हायची. हे तसं नाही. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासायची किंवा बांधावर ओतायची सवय मोडायला हवी. तेच तेल पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जिथं जुनं तेल पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापरासाठी देतात अशा गॅरेजला द्या. तेलाला हात लावताना हातमोजे घाला.

शेवटी दहा किलोमीटर फिरवून आणा, त्यातले दोन-तीन कच्च्या वाटेवर फोर-बाय-फोर टाकून. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि त्यावर चारही डब्यांच्या जागा खडूनं लिहा. सकाळी एखादा थेंब दिसला तर घाबरण्याआधी बोटावर घेऊन वास घ्या. वास नसलेलं पाणी असेल तर ते एसीचं. लाल आणि पातळ असेल तर एटीएफ, मग ट्रान्सफर केस किंवा पॉवर स्टीअरिंग बघा. आणि तो गंधकाचा कुबट वास असेल, तर खडूनं कुठल्या डब्याचं नाव लिहिलंय ते वाचा आणि त्या बोल्टाला पाव फेरा द्या.